सहावी-सातवीच्या एका सत्रात मुलं सगळ्या विषयांत मिळून नेमकं काय शिकतात?

पाटी_पेन्सिल

पुस्तकांच्या अनुक्रमणिका समोर घेऊन बसले आहे. त्यातून धड्यांची नावं कळतात, पण सत्र संपल्यावर मुलाला काय करता आलं पाहिजे ते कळत नाही. 'अपूर्णांक झाले' म्हणजे काय झालं? 'नकाशा झाला' म्हणजे? गणित, विज्ञान, भूगोल, इतिहास, भाषा शिकवणाऱ्यांनी आपापल्या विषयाचं सांगावं: गाभा कोणता, मुलं कुठे अडकतात आणि घरी तपासायचं तर कसं. 'सराव घ्या', 'वाचन वाढवा' छापाची उत्तरं कृपया नकोत, ती भरपूर मिळाली आहेत.

---

लसावि_मसावि

गणितापासून सुरुवात करतो. धडे दहा-बारा असले तरी सत्राचा भार तीन गोष्टींवर असतो: अपूर्णांक आणि दशांश, ऋण संख्या, आणि समीकरणाची ओळख. कोन, क्षेत्रफळ, शेकडेवारी हे सगळं पुढे ह्यांच्याच जिवावर चालतं.

अपूर्णांकांतली ठरलेली चूक म्हणजे १/२ + १/३ = २/५. 'छेद समान कर' असं सांगण्याआधी एवढंच विचारा: २/५ अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? कमी. मग अर्ध्यात आणखी काही मिळवलं आणि उत्तर अर्ध्याहूनही कमी कसं आलं? ह्या प्रश्नावर जे मूल थबकतं, त्याला पुढची रीत पटकन समजते. जे थबकत नाही त्याच्या लेखी २/५ ही संख्याच नाही, एकाखाली एक मांडलेले दोन आकडे आहेत. त्याला १२ सेंमी लांबीच्या कागदी पट्ट्या कापून द्या. अर्धी पट्टी ६ सेंमी, तिसरा हिस्सा ४ सेंमी, दोन्ही जोडून १०, म्हणजे १०/१२, म्हणजेच ५/६. पट्टी १२ चीच घ्या, कारण तिचे २, ३, ४ आणि ६ भाग पूर्ण सेंटिमीटरवर पडतात. १० सेंमीची घेतली तर तिसरा हिस्सा ३.३३ वर जातो आणि सगळा खेळ फिसकटतो.

भागाकारात 'दुसरा उलटा करून गुणा' हे पाठ असतं. ३/४ ÷ १/८ चा अर्थ विचारा: पाऊण पट्टीत एक-अष्टमांशाचे किती तुकडे बसतील? सहा. भागाकार करून उत्तर मोठं आलं! 'भागलं की संख्या लहान होते' हा चौथीपासून घट्ट बसलेला समज इथेच मोडावा लागतो, नाहीतर बरोबर आलेलं उत्तर मूल स्वतःच खोडतं.

दशांशात ०.४५ मोठा की ०.५? बरीच मुलं ०.४५ म्हणतात, कारण ते 'शून्य पॉइंट पंचेचाळीस' असं वाचतात आणि पंचेचाळीस पाचापेक्षा मोठेच की. 'शून्य पॉइंट चार पाच' असं वाचायला लावा. पण ह्या एका प्रश्नावर विसंबू नका. 'पॉइंटनंतर जास्त आकडे म्हणजे लहान संख्या' असा उलटा नियम काही मुलांनी मनाशी करून ठेवलेला असतो. त्यांचं इथलं उत्तर बरोबर येतं आणि कारण साफ चूक असतं. म्हणून लगेच दुसरी जोडी द्या: ०.६२ आणि ०.६. पहिल्या जोडीत बरोबर आणि दुसरीत चूक, म्हणजे तोच उलटा नियम.

समीकरणासाठी एकच प्रश्न पुरतो: ८ + ४ = □ + ५. चौकटीत १२ आलं तर '=' हे चिन्ह त्याच्यासाठी 'आता उत्तर लिही' अशी आज्ञा आहे, दोन बाजू सारख्या असल्याची खूण नाही. अशा मुलाला 'क्ष दुसऱ्या बाजूला नेला की चिन्ह बदलतं' हे शिकवणं म्हणजे पाया न घालता भिंत चढवणं. वहीत ८ + ४ = १२ + ५ = १७ अशी साखळी दिसली तरी दुखणं तेच.

कोनमापकाचं थोडक्यात: त्याच्यावर आकड्यांच्या दोन ओळी असतात, एक डावीकडून वाढणारी, एक उजवीकडून. ६०° च्या जागी १२०° येतात ते ह्यामुळे. मोजण्याआधी कोन काटकोनापेक्षा लहान आहे की मोठा हे तोंडाने म्हणायला लावा, चूक जागीच सापडते. दुसरी चूक म्हणजे कोनमापकाची खालची कड कोनाच्या भुजेवर ठेवणं. भुजेवर यायला हवी ती ०-१८० ची रेघ, आणि तिचा मध्यबिंदू शिरोबिंदूवर. बऱ्याच कोनमापकांत ही रेघ कडेच्या थोडी वर असते.

---

निरीक्षण_वही

विज्ञानात पाठांतराचा भाग आपोआप होतो, त्याची काळजी करू नका. राहून जातं ते मोजणं. मोजपात्रावर ५० आणि ६० ह्यांच्यामध्ये चार बारीक रेघा असतात, म्हणजे पाच भाग, प्रत्येक २ मिलीचा. पाणी ५० च्या पुढच्या तिसऱ्या रेघेवर असलं तर मूल ५३ लिहितं, खरं वाचन ५६. एक भाग म्हणजे किती, हे आधी काढायचं असतं हेच माहीत नसतं. तापमापी, स्प्रिंगकाटा, आलेखाचे अक्ष, सगळीकडे हीच चूक पुन्हा भेटते.

पाण्याचा पृष्ठभाग काचेच्या कडेला थोडा वर चढलेला असतो. वाचन मधल्या खोलगट भागाच्या तळाशी घ्यायचं, तेही डोळा त्याच पातळीवर आणून. पात्र हातात उचलून धरलं की ते तिरकं होतं. टेबलावर ठेवा आणि स्वतः खाली वाका. तापमापी वाचताना ती पाण्यातून बाहेर काढायची नाही, काढली की पारा किंवा रंगीत द्रव उतरायला लागतो. तिचा फुगा तळाला टेकू द्यायचा नाही, कारण खालून तापवत असाल तर तळ पाण्यापेक्षा गरम असतो.

हे जमलं की घनतेचं गणित हातात येतं. ५० मिली पाण्यात दोऱ्याला बांधलेला दगड सोडला, पातळी ६८ झाली, म्हणजे दगडाचं घनफळ १८ घसेंमी (घन सेंटिमीटर, म्हणजे तितकेच मिली). वस्तुमान ४५ ग्रॅम असलं तर घनता २.५ ग्रॅम प्रति घसेंमी. पाण्याची १, म्हणून दगड बुडतो. दगड वरून टाकला तर पाणी उडतं आणि घनफळ कमी भरतं.

ह्या वयाला साजेसा प्रयोग म्हणजे मिश्रण वेगळं करणं: मीठ १० ग्रॅम, वाळू १० ग्रॅम, लोखंडाचा कीस ५ ग्रॅम. पहिल्यांदा चुंबक, आणि तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवायचा. पिशवी उलटी करून सोलली की कीस सुटतो. उघड्या चुंबकाला चिकटलेला कीस काढताना नाकी नऊ येतात. मग ५० मिली पाणी घालून ढवळायचं. साध्या तापमानाला १०० मिली पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, तेव्हा १० ग्रॅमला ५० मिली पुष्कळ झालं. २०० मिली घातलं तरी चूक नाही, फक्त आटवता आटवता तास संपतो.

गाळणकागद दोनदा घडी घालून शंकूसारखा उघडायचा: एका बाजूला तीन पदर, दुसऱ्या बाजूला एक. नरसाळ्यात बसवून थोडं पाणी शिंपडलं की तो काचेला चिकटतो. ओतताना पातळी कागदाच्या कडेखाली बोटभर ठेवायची. कडेवरून गेलं तर वाळू कागद आणि काचेच्या मधून खाली उतरते, आणि मूल लिहितं, 'गाळणकागदातून वाळू गेली'. कागदावरच्या वाळूवर शेवटी चमचाभर स्वच्छ पाणी फिरवा, नाहीतर बरंचसं मीठ तिथेच राहतं. आटवण्याच्या वेळी (मोठं माणूस शेजारी हवंच) थोडं पाणी उरलं की आच बंद करायची. तसंच ठेवलं तर मीठ तडतडून बाहेर उडतं. सगळं वाळल्यावर वजन १० ग्रॅमपेक्षा थोडं कमी भरलं तर उत्तम. ११ ग्रॅम आलं तर मीठ वाढलेलं नाही, ओलं आहे!

एक आणखी. 'एका वेळी एकच गोष्ट बदलायची' हा ह्या वयाचा सगळ्यात मोठा धडा, पण धड्यांच्या यादीत तो सापडत नाही. दोन वाट्यांत ओला कापूस, प्रत्येकीत कडधान्याच्या दहा बिया, रोज सारखंच पाणी. एक उजेडात, एक अंधाऱ्या कपाटात. अंधारातल्या बियाही बहुतेक रुजतात, रोपं मात्र पिवळट आणि लांबोडी होतात. वहीत 'प्रकाश नसल्याने बिया रुजल्या नाहीत' असं दिसलं, तर प्रयोग बघितलेला नाही, उत्तर आधीच ठरलेलं होतं.

---

अक्षवृत्त

वरच्या दोन्ही उत्तरांना धरूनच सांगतो, कारण भूगोलात मुलं बहुतेक वेळा भूगोलामुळे अडकत नाहीत.

नकाशाप्रमाण १ : ५०,०००. नकाशावर अंतर ७ सेंमी. गुणाकार येतो, ३,५०,००० सेंमी. इथून किलोमीटर करताना मूल १००० ने भागतं आणि ३५० किमी लिहितं. हवं होतं ३.५ किमी, कारण १ किमी म्हणजे १,००,००० सेंमी. ही सगळी एकक रूपांतराची पडझड. उपाय साधा आहे: आधी '१ सेंमी म्हणजे ५०० मीटर' असं शब्दप्रमाण करून घ्यायचं, मग ७ × ५०० = ३५०० मीटर. उत्तर डोळ्यांसमोर राहतं. पुढची पायरी हवी असेल तर क्षेत्रफळ विचारा: ह्याच नकाशावर १ चौसेंमी म्हणजे किती? अर्धा चौकिमी नव्हे, ०.५ × ०.५, म्हणजे पाव.

नकाशाची दुप्पट मोठी झेरॉक्स काढली की छापलेलं १ : ५०,००० खोटं ठरतं (ते १ : २५,००० होतं), पण नकाशावरची रेषाप्रमाणाची पट्टी कागदासोबत वाढते, म्हणून ती खरीच राहते. दोन्ही प्रमाणं कशाला शिकवतात ह्याचं उत्तर हे आहे, आणि ते शिकवताना क्वचितच सांगितलं जातं.

रेखावृत्तं आणि वेळ: ३६०° ला २४ तास, म्हणून १५° ला १ तास, १° ला ४ मिनिटं. ०° वर दुपारचे १२ असतील तर ७५° पूर्वेला स्थानिक वेळ ५ तास पुढे, संध्याकाळचे ५. ७५° पश्चिमेला सकाळचे ७. गडबड होते ती ३१० मिनिटांसारख्या उत्तराशी. कॅल्क्युलेटर ५.१६६ दाखवतो आणि मूल '५ तास १७ मिनिटं' लिहितं. खरं ५ तास १० मिनिटं. तास-मिनिटं दशमान नाहीत, तिथे भागाकाराची बाकीच मिनिटं सांगते.

ऋतूंबद्दल विचारून बघा: उन्हाळा का होतो? 'पृथ्वी सूर्याच्या जवळ येते' असं उत्तर आलं तर धडा पुन्हा घ्यायला लागेल. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किमीवर. जुलैच्या सुरुवातीला ती सुमारे १५.२ कोटी किमीवर असते. आणि अंतरामुळे उन्हाळा होत असता तर दोन्ही गोलार्धांत एकाच वेळी झाला असता. कारण आहे आसाचा २३.५° कल. टॉर्चचा झोत कागदावर सरळ पाडा, मग तिरका: तोच प्रकाश जास्त जागेवर पसरून फिका पडतो. तोंडी समजावण्यापेक्षा हे लवकर पटतं.

---

पाटी_पेन्सिल

हे हवं होतं. ०.६२ ची जोडी लगेच विचारली आणि उत्तर आलं '०.६ मोठा'. म्हणजे काम कुठून सुरू करायचं ते कळलं. भाषा आणि इतिहासाचं कोणी सांगेल का? तिथे 'येतं' आणि 'येत नाही' ह्यातला फरक मला सगळ्यात धूसर वाटतो.

---

वेलांटी_उकार

ताई, भाषेतही तेवढंच ठोस तपासता येतं. सत्रभरात तीन कामं होतात: उतारा वाचून अर्थ लावणं, सारांश आणि निबंधासारखं लेखन, आणि व्याकरण-शुद्धलेखन.

सारांशासाठी १८० शब्दांचा उतारा घ्या आणि साधारण ६० शब्दांत लिहायला सांगा. मूल बहुधा प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य उतरवून काढतं. त्यावर युक्ती अशी: उतारा दोनदा वाचायचा, प्रत्येक परिच्छेदासाठी पानाच्या कडेला, समासात तीन-चार शब्द लिहायचे, मग पुस्तक मिटायचं आणि फक्त त्या शब्दांवरून वाक्यं करायची. मिटल्यावर काही सुचत नसेल तर अडचण लिहिण्यात नाही, उताराच समजलेला नाही. उदाहरणं आणि आकडे सारांशातून गाळायचे असतात हेही सांगावं लागतं. मुलांना नेमके तेच लक्षात राहतात.

शुद्धलेखनात 'चुका दहा वेळा लिही' ह्याने हात दुखतो, नियम कळत नाही. ह्या वयात दोन नियम पक्के झाले तर निम्म्या चुका जातात. मराठी शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी आणि उकार दीर्घ: पाणी, मी, तू, वाळू. ('आणि', 'नि' आणि 'परंतु'सारखी तत्सम, म्हणजे संस्कृतातून जशीच्या तशी आलेली अव्ययं अपवाद.) दुसरा नियम, अकारान्त शब्दात शेवटच्या अक्षराच्या आधीचा इकार-उकार दीर्घ, पण प्रत्यय लागून सामान्यरूप झालं की तो ऱ्हस्व: फूल – फुलाचा, मूल – मुलाला, बहीण – बहिणीला, गरीब – गरिबाला. 'मूलाला' आणि 'फुल' ह्या एकाच नियमाच्या दोन टोकांच्या चुका आहेत. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द ह्यात बसत नाहीत: शरीर – शरीरात, आणि गुण, विष ऱ्हस्वच. हुशार मूल 'शरिरात' लिहितं ते नियम शिकल्यामुळेच, तेव्हा त्याला रागवू नका.

आता जे कुठल्याच विषयाच्या खात्यात जमा नसतं आणि गुण मात्र सगळीकडचे खातं: प्रश्नातलं क्रियापद. 'फरक स्पष्ट करा' म्हटल्यावर मूल लिहितं, 'अक्षवृत्तं आडवी असतात. रेखावृत्तांवरून वेळ काढता येते.' दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि फरक एकही सांगितलेला नाही, कारण मुद्दे वेगळे आहेत. मधोमध 'मुद्दा' असा तिसरा रकाना आखायला लावा. मुद्दा: आकार. एकीकडे पूर्ण वर्तुळं, दुसरीकडे ध्रुवापासून ध्रुवापर्यंतची अर्धवर्तुळं. मुद्दा: लांबी. अक्षवृत्तं ध्रुवांकडे लहान होत जातात, रेखावृत्तांची लांबी सारखी. 'कारणे द्या'मध्ये तर दिलेलं विधानच वेगळ्या शब्दांत परत येतं: 'दगड पाण्यात बुडतो, कारण तो पाण्यात तरंगत नाही.' 'कारण'नंतरच्या भागात प्रश्नात नसलेली एक तरी गोष्ट आहे का, एवढं पाहिलं तरी पुरे.

दुसरी-तिसरी भाषा असेल तर हीच तीन कामं, फक्त उतारे छोटे.

---

शिलालेख

इतिहासाचं थोडक्यात. सनावळ्या पाठ आहेत की नाहीत ह्यापेक्षा काळाची मोजणी जमते का ते पाहा. १७०७ हे वर्ष अठराव्या शतकातलं. १८०० सुद्धा अठराव्यातलंच, एकोणिसावं १८०१ पासून. पहिलं शतक १ ते १०० हे एकदा कळलं की बाकीचं आपोआप येतं.

इ.स.पू. म्हणजे ऋण संख्यांचा सख्खा भाऊ, त्यामुळे गणितात −७ हे −३ पेक्षा मोठं म्हणणारं मूल इथे इ.स.पू. ३०० हे इ.स.पू. ५०० च्या आधीचं म्हणतं. पण एक फरक आहे. संख्यारेषेवर −३० ते २० हे अंतर ५०, इ.स.पू. ३० ते इ.स. २० मात्र ४९ वर्षं, कारण ह्या कालगणनेत शून्य वर्ष नाही.

कालरेषा काढून घ्या: १ सेंमीला १०० वर्षं, ५००० वर्षांना ५० सेंमीची पट्टी. मुलं जुना काळ प्रमाणात आखतात आणि अलीकडच्या शंभर वर्षांत लिहायला खूप असतं म्हणून तिथे गुपचूप प्रमाण बदलतात. बदलू देऊ नका. नोंदी कागदाबाहेर बाण काढून लिहायच्या. ते शेवटचं एक सेंटिमीटर किती छोटं आहे हे दिसणं, हाच तर धडा.

साधनांच्या बाबतीत नाणं भौतिक, पत्र लिखित, ओवी मौखिक ही वर्गवारी सोपी. त्यापुढचा प्रश्न विचारा: हे कोणी केलं, कोणासाठी केलं आणि त्यात काय सांगायचं टाळलं असेल?

---

अक्षवृत्त

एक गोची राहिली. पुस्तकांच्या क्रमाने गेलं तर नकाशाप्रमाण बऱ्याचदा गुणोत्तराच्या आधी येतं. मुलाला १ : ५०,००० मधलं ते दोन टिंबांचं चिन्हच ओळखीचं नसतं.

---

लसावि_मसावि

अगदी. म्हणून घरी क्रम बदलता येत असेल तर बदला. सत्र १६ आठवड्यांचं धरलं तर पहिले तीन-चार आठवडे एकक रूपांतर, दशांश आणि 'एक भाग म्हणजे किती' ह्यावर घालवा. मोजपात्र, तापमापी, पट्टी, आलेख सगळं एकत्र. पट्टीचा शून्य पुष्कळदा कडेपासून थोडा आत असतो, कडेपासून मोजलं की प्रत्येक माप थोडं कमी भरतं. हेही तेव्हाच दाखवा. मग संख्यारेषा आणि ऋण संख्या, आणि त्याच आठवड्यात इ.स.पू.ची कालरेषा. गुणोत्तर आलं की नकाशाप्रमाण आणि घनता पाठोपाठ. तोपर्यंत नकाशाचा धडा आलाच तर वर सांगितलेलं शब्दप्रमाण वापरा, टिंबांशिवाय काम भागतं.

चित्रकलेत चौकटी आखून चित्र मोठं करतात तेही गुणोत्तरच: १ सेंमीच्या चौकटीतलं ३ सेंमीच्या चौकटीत. खेळाच्या तासाला नाडीचे ठोके १५ सेकंद मोजून ४ ने गुणतात. मोजण्यात एक ठोका चुकला तर मिनिटाला चारचा फरक पडतो. हा फरक का पडतो ते मुलालाच विचारा.

---

पाटी_पेन्सिल

पट्टीचा शून्य आत्ताच पाहिला. आमच्याकडच्या पट्टीवर तो कडेपासून ४ मिमी आत आहे.